पंचनाम्याचं बोलावणं

"आजी, तुमच्या माल्याची नुकसानीची यादीच नाही यंदा," पौडच्या ऑनलाइन अर्जांच्या दुकानातली किमया म्हणाली आणि तिनं संगणकाचा पडदा चंद्राबाईकडे वळवला, जणू काही चंद्राबाईला त्यातलं वाचता येणार होतं.

"नीट बग की बाय. नाथा म्हनला, पौडला यावं लागंल, अंगठा द्याचाय."

"नीटच बघितलंय. खालच्या अंगाच्या तीन-चार गावांचं अनुदान आलंय. माल्यात यंदा नुकसान कुठं झालंय? पाऊस वेळेवर गेला तिकडचा." किमयानं पडदा पुन्हा आपल्याकडे फिरवला. "आणि झालं असतं तरी तुम्हाला एवढ्या लांब यायची गरज नव्हती. आता ज्याच्या त्याच्या हिश्श्याचं ज्याच्या त्याच्या खात्यात जातं. संमतीपत्र बंद झालं. मी नाथाआजोबांना गणपतीतच सांगितलंय."

"नाथाला ठावं हाय?"

"हो. दोनदा सांगितलंय."

मागून एकानं आपलं आधार कार्ड पुढे सरकवलं, म्हणून चंद्राबाई बाजूला झाली. हातातला फराळाचा डबा पोटाशी धरून ती बाहेर आली आणि दुकानासमोरच्या बाकावर बसली. हा बाक तिच्या ओळखीचा होता. गेल्या काही वर्षांत भावाबहिणीची जी काही भेट झाली, ती याच बाकावर.

चंद्राबाई दिली होती भुकूमला. तिथं नवऱ्याची जमीन होती, भात होतं, दोन बैल होते. मग पौड रस्त्यानं शहर चालत आलं आणि एका सहीत सगळं गेलं. त्याच जागेवर इमारती उभ्या राहिल्या आणि व्यवहारात मिळालेल्या फ्लॅटमध्ये घरची माणसं राहायला गेली. ज्या वावरात तिनं जन्मभर चिखल तुडवला, त्याच्याच डोक्यावर चार मजले चढून ती आता झोपत होती. नवरा तिथंच वारला. मुलगा दयानंद आणि सून सायली सकाळी हिंजवडीला जात आणि दिवेलागणीला परत येत. वाईट असं काही नव्हतं. नळाला पाणी होतं, लिफ्ट होती. फक्त दिवसभर पायाला कुठे माती लागत नव्हती.

वडील गेले तेव्हा माल्याच्या सात-बाऱ्यावर दोन नावं लागली, नाथाचं आणि चंद्राबाईचं. पुढची रीत सगळ्यांना माहीत असते. बहिणीनं हक्कसोड करून द्यायची, भावानं साडी नेसवायची आणि दोघांनी मिळून गोड खायचं. नाथा साडी घेऊन आला होता. डाळिंबी रंगाची, चांगली होती. चंद्राबाई नाही म्हणाली.

का, ते तिला सांगता आलं नाही. तिला जमीन नको होती, अगदी गुंठाभरसुद्धा नको होती. पण नवऱ्याचं नाव एका सहीत कसं पुसलं गेलं, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. आपलं नाव कुठल्या तरी मातीत राहावं, एवढंच तिच्या मनात होतं. पण असलं काही बोलून दाखवायची सवय कुणाला असते? ती नुसतीच मान खाली घालून बसली. गाव म्हणालं, फ्लॅटवाली झाली, हाव सुटली. नाथाची बायको राजाबाई तर भर लग्नात चार बायकांसमोर म्हणाली, "आमच्या वन्संला मजल्यावर मजलं पायजेत."

तेव्हापासून भाऊबीजेचं बोलावणं बंद झालं. दर वर्षी माहेरून नव्या तांदळाची पाटी यायची, तीही बंद झाली.

भुकूम ते माले म्हणजे काही परदेश नव्हे. पौडला गाडी बदलली की झालं. पण दिलेल्या लेकीनं बोलावल्याशिवाय माहेरचा उंबरा चढायचा नाही, ही चंद्राबाईच्या आईची शिकवण होती आणि चंद्राबाईही आईसारखीच ताठ. निरोप कुणाच्याही तोंडी येऊ दे, फोनवर येऊ दे, पण 'ये' हा शब्द आला पाहिजे. तो आला नाही. ती गेली नाही.

मग एका साली परतीचा पाऊस असा झोडपून गेला की पिकलेलं भात खाचरातच आडवं झालं आणि लोंब्यांना पाण्यातच कोंब फुटले. पंचनामे झाले, सरकारनं मदत जाहीर केली. जमिनीचं खातं सामाईक, म्हणून पैसे नाथाच्या खात्यात जायचे तर बहिणीची संमती हवी. त्या दिवशी कितीतरी काळानं चंद्राबाईच्या फोनवर नाथाचा आवाज आला.

"आक्का, पौडला यावं लागंल. तुजा अंगठा लागतोय."

'ये' असं नव्हतं ते, 'यावं लागंल' होतं. चंद्राबाईला तेवढंही पुरलं. ती इस्त्रीची साडी नेसून गेली. त्या दिवशी सर्व्हर बंद पडला आणि दोघांना अर्धा दिवस या बाकावर बसून काढावा लागला. नाथानं भेळ आणली, शेंगदाणे वेचून तिच्या कागदावर टाकले, लहानपणी टाकायचा तसे. मग फोनमध्ये पंचनाम्याचा फोटो दाखवला. चिखलात लोळलेलं भात आणि त्याच्या मधोमध दोन्ही हात सरळ खाली सोडून उभा असलेला नाथा, शाळेतल्या कवायतीला उभा असल्यासारखा.

"गुडगा कसाय?" त्यानं विचारलं.

"हाय तसाच. तुजा दमा?"

"हाय."

एवढंच बोलणं झालं. पण चंद्राबाई घरी आली ती भाऊबीज करून आल्यासारखी. सायली म्हणालीसुद्धा, "आई, सरकारी कामाला जाऊन एवढं खूश होऊन आलेलं माणूस मी पहिल्यांदा बघतेय."

पुढे तिच्या लक्षात यायला लागलं. ज्या साली भात पडतं, त्या साली फोन येतो. ज्या साली भात उभं राहतं, त्या साली नाही. म्हणजे जेव्हा माहेरी तांदूळ नसतो तेव्हाच भाऊ भेटतो, आणि तांदूळ असतो तेव्हा ना तांदूळ येतो ना भाऊ.

आणि मग ते सुरू झालं. दसरा झाला की ती गॅलरीत उभी राहून मावळतीकडे बघायची. तिकडं काळं दिसलं, वीज चमकली, की ती कठड्याला धरून आणखी पुढे वाकायची आणि ते भीतीनं नसायचं. सरळ सांगायचं तर, ती भावाच्या पिकल्या भातावर पाऊस मागायची. मग भानावर आली की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायची, हळूच, सुनेला ऐकू जाणार नाही अशी. मुळशीतल्या कुठल्या बाईनं असं मागितलं असेल? भात लावताना कंबर मोडते ते काही तिला माहीत नव्हतं असं नाही. तरी दुसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा गॅलरीत असायचीच.

यंदा पाऊस शहाण्यासारखा वागला. वेळेवर गेला तो गेलाच. दिवाळी कोरडी झाली, भाऊबीज कोरडी झाली. चंद्राबाईनं आशा सोडली होती आणि काल अचानक फोन आला. पौडला यावं लागंल, अंगठा द्याचाय. पाऊस कुठं पडला, असं तिनं विचारलंच नाही. बोलावणं आल्यावर असलं कोण विचारतं?

आणि आता ही पोरगी म्हणत होती, यादी नाही, अंगठा नाही, काहीच नाही.

मग बोलावलं कशाला?

बाकावरून समोरच दस्त नोंदवायचं ऑफिस दिसत होतं. दारात गर्दी होती, स्टॅम्पवाले होते, कुणीतरी पेढे वाटत होतं. चंद्राबाईला एकदम उमगलं. हक्कसोड! अंगठा त्याला हवाच होता, पण या दुकानात नाही, त्या ऑफिसात. अनुदानाचं निमित्त करून नाथानं तिला आणलं होतं.

देऊन टाकावी, तिच्या मनात आलं. काय ठेवायचंय धरून? सही करावी, साडी घ्यावी, फराळाचा डबा द्यावा आणि गाडीत बसावं. पण मग? मग जगातला कुठलाही पाऊस नाथाला तिची आठवण करून देणार नव्हता. डबा गच्च धरून ती रस्त्याकडे बघत राहिली. भुकूमकडे जाणारी गाडी समोर लागली होती. तिनं उठायचं ठरवलं आणि तेवढ्यात नाथाची जुनी मोटारसायकल ठसकत येऊन बाकाजवळ थांबली. मालकाला दमा आणि गाडीलाही.

"लवकर आलीस?"

"पयल्या गाडीनं."

"च्या घेतला?"

"यादी न्हाई म्हनती ती पोरगी."

नाथानं टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "व्हय. न्हाई."

"मग?"

"बस गाडीवं."

"कुटं?"

"बस तर खरं."

"नाथा," चंद्राबाई उभी राहिली, "हक्कसोड पायजे तर हितंच तोंडानं सांग. ते बग हापिस समोर. उगं फशिवल्यावानी नेऊ नगस."

नाथाचा चेहरा पडला. दोन बोटांनी तो गाडीचा आरसा उगाच पुसत राहिला. "म्या म्हनलो का तसं?"

"म्हनला न्हाईस म्हनून तर इचारते."

"बस, आक्का. भात दावतो तुला."

ती बसली. एका हातात डबा आणि दुसरा हात नाथाच्या खांद्यावर. खांद्याचं हाड हाताला लागत होतं. आपला धाकटा भाऊ म्हातारा झाला, हे तिला बाकावर बसून कधी कळलं नव्हतं. पौड मागे पडलं. रस्त्याला दुतर्फा फार्महाऊसची फाटकं लागली, मग मधेच एखादं खाचर, पुन्हा फाटक. कुणी काही बोललं असतं तरी गाडीच्या ठसक्यात ऐकू आलं नसतं.

माल्याच्या अलीकडे नाथानं गाडी थांबवली. चंद्राबाई उतरली आणि बांधावर चढून बघत राहिली.

भात उभं होतं. निम्मं कापून ओळीनं पसरून वाळत घातलेलं आणि निम्मं उभं, लोंब्यांनी वाकलेलं, पिवळंधमक. इंद्रायणी भाताचा वास सगळ्या बांधावर भरून राहिला होता. इतकी वर्षं माहेरचं शेत तिनं पाहिलं ते फोटोत, लोळलेलं. ते असं दिसतं, हेच ती विसरून गेली होती.

"औंदा पडलं न्हाई," नाथा म्हणाला. अपराध कबूल करावा तसा म्हणाला.

"लई ब्येस झालं की."

"व्हय." तो खाली बसला. एक काडी मोडली, फेकली, दुसरी घेतली. "रोज येत हुतो हितं. ढग आलं की वाटायचं, आज पडतंय. वारं सुटलं की वाटायचं, आता लोळतंय. न्हाई पडलं. लोकं म्हनली, नाथा नशीबवान हाय. आन हिकडं मला घोर, की आता आक्काला काय सांगून बोलवायचं? त्यात ती पोरगी म्हनली, हितनं फुडं संमतीबी लागनार न्हाई. म्हंजी भात पडलं तरी गेलं."

चंद्राबाई त्याच्याकडे बघतच राहिली. मग तीही बांधावर बसली. गुडघा कुरकुरला, पण ती बसली.

"आरं, मग नुसता फोन करायचा. ये म्हनायचं."

"तसं कुटं येतं बोलाया." नाथानं मान वळवली. "सायबाचं नाव घ्याचं, सरकारचं घ्याचं, मग तोंड उघडतंय. नुसतं कसं म्हनायचं?"

कापलेल्या भातावर चिमण्या उतरत होत्या, नाथा हात हलवून त्यांना उठवत होता. त्या पुन्हा उतरत होत्या.

"नाथा, म्या पाऊस मागत हुते."

"कुटं?"

"तुज्या भातावं. दरसाल. म्हनलं पडू दे, म्हंजी नाथाचा फोन यील."

आता तो रागावेल, असं तिला वाटलं. रागावला असता तर बरंच झालं असतं. तो तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघत राहिला, मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बघून चंद्राबाईही हसायला लागली, तोंडाला पदर लावून.

"दोगंबी येडी," नाथा कसाबसा म्हणाला. "आन वरचा तिसरा."

घरी राजाबाई दारातच उभी होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, ते तिच्या भुवयांवरून दिसत होतं.

"या, वन्सं. ना पाऊस ना वारा, आन आज कशा वाट चुकला?"

चंद्राबाईला ते झोंबलं. पण राजाबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला, भाकरीचा तुकडा तिच्यावरून ओवाळून टाकला. रीत चुकवायची बाई नव्हती ती. जेवायला पिठलं आणि लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताचा नवा तांदूळ होता, दसऱ्याच्या सुमारास कापलेला. चंद्राबाईनं पहिला घास घेतला. आईच्या वेळचं तेच खाचर, तोच वास. तिनं पाणी पिऊन घेतलं. राजाबाई म्हणाली, "तिकट झालं का?" आणि चंद्राबाई "व्हय" म्हणाली.

निघताना राजाबाईनं आतून पायली आणली आणि पिशवीत तांदूळ मापून घातला. माप भरलं की तळहातानं सपाट करून घ्यायची. चंद्राबाई बघत होती. आई माप कधी सपाट करायची नाही, लेकीला शीग लावूनच द्यायची, चार दाणे जमिनीवर सांडायचे. पण आई आता नव्हती, आणि सपाट का होईना, माप भरलं होतं. चंद्राबाईनं फराळाचा डबा राजाबाईच्या हातात दिला. राजाबाईनं तो उघडून एक करंजी तिथंच खाल्ली आणि "सुनंनं केल्यात व्हय," एवढंच म्हणाली.

गाडीची वाट बघत दोघं फाट्यावर उभी होती.

"सही पायजे आसंल तर देते नाथा. खरंच देते."

"नगं." त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तलाठी वाचतो तवा दोन नावं वाचतो. सवय झाली कानाला."

तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण लांबून गाडी येताना दिसली.

"फुडल्या भाऊबीजंला बोलाव मला," ती घाईनं म्हणाली.

"बिनबोलावता ये की. तुजंच घर हाय."

"न्हाई यायची." चंद्राबाईनं पिशवी त्याच्या हातातून घेतली. "तू बोलाव. भात पडू दे न्हाईतर उभं राहू दे. तू ये म्हन, मग यीन."

नाथानं मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, हे गाडीच्या खिडकीतून तिला नीट कळलं नाही.

संध्याकाळी भुकूमच्या स्वयंपाकघरात सायलीनं कुकरचं झाकण काढलं आणि म्हणाली, "आई, हा कुठला तांदूळ? पूर्ण फ्लोअरला वास गेला असेल."

"माज्या माह्यारचा," चंद्राबाई म्हणाली. हे वाक्य म्हणायला मिळावं म्हणून ती किती थांबली होती, हे सायलीला कुठून कळणार?

तेवढ्यात गॅलरीचं दार धाडकन आपटलं. वारा सुटला होता. "बापरे, आता कसला पाऊस? आई, कपडे काढता का?" सायली ओरडली.

चंद्राबाई गॅलरीत गेली. मावळतीला काळं झालं होतं. पिरंगुटचा घाट दिसेनासा झाला होता आणि त्याच्या पलीकडे, जिकडे माले, तिकडे वीज चमकली. ती कठड्याला धरून पुढे वाकली. पण या वेळी ते वेगळं होतं. निम्मं भात कापलेलं, खाचरात पसरलेलं. कपडे तसेच सोडून ती आत वळली.

"सायले, नाथामामाला फोन लावून दे. बिगीनं."

तिला फोन घेता येत होता. लावायची वेळ कधी आलीच नव्हती.

"नाथा, ढग आल्यात! भात उचल. भिजू देऊ नगस, ऐकलंस का?"

"व्हय, व्हय, खाचरातच हाय म्या," नाथाला धाप लागली होती. "ऐ, त्या अंगाचं धर, उडतंय! आक्का, ठिवतो."

पण त्यानं ठेवला नाही. घाईत फोन तसाच खिशात टाकला असावा. चंद्राबाईच्या कानात आधी नुसती खरखर आली, मग ताडपत्रीचा फडफडाट, मग पेंढ्यावर धावणारी पावलं. राजाबाई कुणाला तरी शिव्या घालत होती, बहुतेक वाऱ्याला. नाथा खोकला. कुणीतरी दगड आणून टाकले. पुन्हा राजाबाई, "वन्संनं फोन केला व्हय? काय म्हनत्यात?" आणि नाथा काहीतरी बोलला, ते वाऱ्यात गेलं.

"आई, बोलून झालं असेल तर ठेवा ना," सायली आतून म्हणाली. "जेवायला या. गरम आहे तोवर."

चंद्राबाईनं हात वर करून तिला गप्प केलं. गॅलरीच्या कठड्यावर एक टपोरा थेंब पडला. तिनं तो पदरानं घाईघाईनं पुसून टाकला आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.